कॉशिगी, म्हणजे आपलं हे

‘हे’ या शब्दावर माझा जुना राग आहे. लग्न होऊन सासरी गेले, त्या दिवशी सासूबाई मला पहिलं वाक्य बोलल्या ते असं: “अगो, ते हे जरा ह्याच्यावर ठेव, नाहीतर त्याचं हे होईल.” मी नवी नवरी. हातात काही आहे का बघितलं, तर हात रिकामे. आजूबाजूला बघितलं, तर ठेवण्यासारखं काहीच दिसेना. तेवढ्यात माझी नणंद आली, तिने गॅसवरचं दूध उतरवून ओट्यावर ठेवलं आणि निघून गेली. त्या घरात हे सगळ्यांना कळत होतं. मी पुण्याची, मला शब्द लागतात.

पुढे पोटापाण्यालाही मी शब्दच धरले. जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्चिंगला राहून गेली काही वर्षं मी एका कंपनीत रुग्णालयातल्या यंत्रांच्या ‘आन्फोर्डेरुंग’ लिहिते. म्हणजे यंत्राने काय काय केलंच पाहिजे, त्याची यादी. ‘गडबड झाली तर यंत्र लवकर थांबावं’ असं कुणी इंजिनिअरने लिहिलं की मी तो कागद लाल करून परत पाठवते. गडबड म्हणजे नक्की कोणती? लवकर म्हणजे किती? थांबवणार कोण? ‘साधारण’, ‘वगैरे’, ‘योग्य तो’ हे शब्द माझ्या टेबलावरून जिवंत पुढे जात नाहीत. नवरा म्हणतो, तू मलाही तसंच लाल करून परत पाठवतेस. तो मालवणकडचा, म्हणजे सासूबाईंचाच मुलगा, त्यामुळे त्याला लाल करायला जागा भरपूर.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खाली घरमालकीण आजी. दारावर अस्सल बव्हेरियन आडनाव, म्हणून घर बघायला आलो तेव्हा मी एका धिप्पाड, लालबुंद बाईंची तयारी करून आले होते. दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीच्या, गुडघ्यापर्यंत गमबूट चढवलेल्या कोरियन बाईने. आडनाव नवऱ्याचं. तो जाऊन काही वर्षं झाली होती. विशीत त्या नर्स म्हणून म्युनिकला आल्या, त्यांच्यासारख्या कितीतरी मुली तेव्हा आल्या होत्या, आणि अर्धशतक उलटलं तरी त्या इथेच होत्या. आमच्या भाडेकरारावर सही करताना त्या म्हणाल्या, “या घरात नियम दोनच. रविवारी भिंतीला भोक पाडायचं नाही. आणि तळघरातल्या कॉशिगीला हात लावायचा नाही.”

मी समजले, कॉशिगी म्हणजे बॉयलर.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी जिन्यातून हाक मारली, “दारात कॉशिगी आलाय, खाली या!” बॉयलर दारात कसा येईल? धावत खाली गेले तर पोस्टमन. मग एकदा गुडघ्यात कॉशिगी भरलं. मग गुरुवारी कॉशिगी होती म्हणून त्या भेटल्या नाहीत. मग एकदा डॉक्टरांनी त्यांना ‘गेकॉशिग्ट’ केलं. म्हणजे त्या शब्दाला त्यांनी जर्मन व्याकरणाची टोपीसुद्धा घातली होती. मी वहीच्या मागच्या पानावर यादी करायला घेतली: बॉयलर, पोस्टमन, वात, श्राद्ध किंवा तत्सम, इंजेक्शन. ‘तत्सम’ लिहिलं आणि लगेच त्याखाली लाल रेघ ओढली. सातव्या अर्थानंतर मी यादी सोडली आणि मनाशी एक निष्कर्ष काढला, की आजींना शब्द आठवेनासे झालेत.

त्यांच्या मुलाचाही निष्कर्ष तोच होता. मुलगा रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. चाळिशी पार केलेला, उंच, नीटनेटका, आणि बोलणं पक्कं बव्हेरियन. कोरियन त्याला येत नाही. मुलाला जर्मन शाळेत त्रास नको म्हणून आजी त्याच्याशी लहानपणापासून जर्मनच बोलल्या. तो महिन्यातून एकदा यायचा, आईचा फ्रीज तपासायचा, आणि जिन्यात भेटला की आवाज उतरवून माझ्याशी बोलायचा. एकदा म्हणाला, “आईला शब्द सापडत नाहीत. मागच्या महिन्यात शेगडीवर पातेलं तसंच राहिलं होतं. माझ्या घराजवळ वृद्धांसाठी एक चांगली जागा आहे, खोलीतून डॅन्यूब दिसते. हे घर विकावं लागेल. तुम्हाला आधी कळलेलं बरं, म्हणून सांगतो.”

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात आजी आल्याच नाहीत. आलं ते घर. म्युनिकच्या आसपास ज्याने घर शोधलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. घर बघायच्या दिवशी जिना भरून खाली फुटपाथपर्यंत रांग असते, आणि रांगेतला प्रत्येक जण आपल्यापेक्षा सभ्य दिसतो. मी वर आले, चहा केला, साखर दोनदा घातली. मग पहिल्यांदा आजींचा विचार आला. त्यांच्या मागच्या अंगणात मातीच्या काळ्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. त्या डॅन्यूबच्या खोलीत कुठे ठेवायच्या?

एप्रिलमध्ये सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. दुसऱ्याच दिवशी त्या कपडे घेऊन माझ्याबरोबर तळघरात उतरल्या. धुलाईच्या खोलीचं दार उघडलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दु:खाचं नव्हे, वासाचं. सार्वजनिक मुतारीत कुणीतरी अमोनियाची बाटली फोडावी तसा वास. मला वाटलं गटार फुटलं. मी फोन काढून हाउसमाइस्टरचा, म्हणजे घराची डागडुजी बघणाऱ्याचा, नंबर शोधायला लागले. सासूबाई मात्र नाक वर करून, डोळे बारीक करून, शांतपणे वास घेत उभ्या राहिल्या.

“पाकट आहे गो ही,” त्या म्हणाल्या. “पण हिला कोणी मारलंय, आणि कधी?”

मागून गमबूट वाजले. आजी येऊन उभ्या राहिल्या होत्या, चोरी सापडल्यासारखा चेहरा करून. कोपऱ्यात एक बरणी होती. तोच तो ‘तळघरातला कॉशिगी’. बॉयलर बिचारा शेजारच्या खोलीत निमूट चालू होता. बरणीत खरोखरच पाकट मासा होता, गवतात मुरवलेला. सासूबाईंनी दोन्ही हात पसरून, पाकटासारखे हलवून, मागे शेपूट काढून दाखवली. आजींचा चेहरा असा उजळला की जणू पन्नास वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नसावं. त्यांनी झाकण काढलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर गेले. सासूबाईंनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

मग म्हणाल्या, “सर्दी गेली.”

आजींनी तिथेच, कपड्यांच्या मशीनला टेकून, मला जर्मनमध्ये सांगितलं आणि मी सासूबाईंना मराठीत: त्यांचा मुलूख कोरियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, जॉल्ला नावाचा. समोर समुद्रात बेटंच बेटं. पूर्वी लांबच्या बेटावरून होड्या पाकट भरून निघायच्या आणि नदीतून आत आत, बंदरापर्यंत यायला कित्येक दिवस लागायचे. बाकीचे मासे सडायचे, पाकट नुसती मुरायची. लोकांनी ती खाल्ली, कुणी मेलं नाही, उलट आवडली. आता लग्नकार्यात पाकट नसेल तर पाहुणे नाक मुरडतात. असली तर आम्ही मुरडू, असं मी मनात म्हटलं.

“ताई, पण ह्याचं हे कसं करायचं?” सासूबाईंनी मराठीत विचारलं.

“कॉशिगी,” आजी म्हणाल्या आणि हाताने काहीतरी दाबून भरल्यासारखं केलं.

“मग ह्याला किती दिवस हे?”

आजींनी बोटं दाखवली, पुन्हा कॉशिगी म्हणाल्या, मान डोलावली. अर्धा तास हे चाललं. मी दुभाषी म्हणून मध्ये उभी होते, पण मी कुणालाच नको होते. वर येताना सासूबाई म्हणाल्या, “त्या ‘हे’ म्हणतात. त्यात काय कळायचं? एवढी वर्षं खाली-वर राहता आणि तुला कळलं नाही?”

माझी यादी! बॉयलर, पोस्टमन, वात, श्राद्ध. सगळीकडे ‘हे’ घालून बघितलं, सगळं चपखल बसलं. दारात हे आलाय. गुडघ्यात हे भरलंय. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन खाली गेले आणि आजींना सरळ विचारलं. त्या हसल्या. कॉशिगी हा त्यांच्या जॉल्लाचाच शब्द. नाव आठवत नसेल तेव्हा, आठवत असूनही घ्यायचं नसेल तेव्हा, आणि समोरच्याला कळलेलंच आहे तेव्हा उगाच कशाला, अशा तिन्ही वेळी तो वापरतात. राजधानीतले लोक या शब्दाला हसतात. नाटक-सिनेमातला नोकर किंवा गुंड जॉल्लाची बोली बोलतो. म्हणून मुलासमोर त्यांनी तो कधी काढला नाही. फक्त नवऱ्याला, मुलगा आसपास नसताना, त्या ‘कॉशिगी’ अशी हाक मारायच्या. हे ऐकून सासूबाईंनी भिंतीवरच्या त्या नवऱ्याच्या फोटोला नमस्कार केला आणि म्हणाल्या, “आमच्याकडेही हेच. आमचे हे पण ‘हे’च होते.”

म्हणजे नवरा गेल्यावर आजींचा तो शब्द मोकळा झाला आणि घरभर फिरायला लागला. मुलाने तो पहिल्यांदा ऐकला तो असा.

महिनाअखेरीला मुलगा आला तेव्हा मी जिन्यात त्याला गाठून सगळं समजावलं. आई विसरत नाही, तो त्यांच्याकडचा शब्द आहे. त्याने नीट ऐकून घेतलं. “असेल,” म्हणाला, “पण पातेलं कुठल्या बोलीत शेगडीवर राहिलं?” आजी दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. गावात महिन्यातून एकदा ज्येष्ठांचा कॉफी-केकचा मेळावा भरतो. तिथे कुणीतरी आपल्या मुलखाबद्दल बोलतं. मागच्या वेळी एका आजोबांनी ट्रान्सिल्व्हेनिया सांगितला होता. आजी मुलाला म्हणाल्या, “पुढच्या वेळी मी जॉल्ला सांगते. पाऊण तास, हातात कागद न घेता. तू पहिल्या रांगेत बस. मी अडले, तर माझी बॅग मी स्वत: भरते.”

“आई, मी असं काही म्हटलेलं नाही.”

“मी म्हणतेय.”

तयारी माझ्याकडे आली. आली म्हणजे मी ती ओढून घेतली. माझं घर पणाला लागलं होतं आणि स्लाइड्स करण्यात माझा हात कोण धरणार? मी तीन भाग पाडले: भूगोल, इतिहास, संस्कृती. आजींना भूगोल त्यांच्या घराच्या दारापासून सुरू करायचा होता. मी म्हटलं, तसं नाही, आधी नकाशा, दिशा, मग नद्या. भाताची सपाट जमीन, डोंगराळ देशात क्वचित दिसणारं क्षितिज, किनाऱ्यावर ओहोटीला मैलभर उघडा पडणारा चिखल. त्या चिखलात बायका एक गुडघा फळीवर टेकून, दुसऱ्या पायाने ढकलत शिंपल्या गोळा करायला जातात. सासूबाईंनी हे ऐकताच पदर खोचला आणि खाडीत तिसऱ्या, म्हणजे तिकडच्या शिंपल्या, काढायची आपली पद्धत दिवाणखान्याच्या गालिच्यावर करून दाखवली. जॉल्ला हे नाव जॉन्जू आणि नाजू या दोन जुन्या शहरांची पहिली अक्षरं जोडून झालंय, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे मालवण आणि देवगडचं मिळून ‘मादे’. बरं आहे की.”

इतिहासात आजींची गंमत वेगळीच. जुन्या काळी राजाची मर्जी गेली की विद्वानांना हद्दपार करून जॉल्लात पाठवायचे, राजधानीपासून लांब. “सगळे हुशार लोक फुकट आमच्याकडे,” त्या म्हणाल्या, “म्हणून आमच्याकडे भांडणंसुद्धा अलंकारिक होतात.” पुढे अधिकाऱ्यांच्या जुलमाविरुद्ध शेतकरी उठले तेही इथूनच.

हे सगळं चाललं असताना मी हातात चमचा घेऊन बसायचे. आजींच्या तोंडून कॉशिगी आलं की टेबलावर टक्. “बेटाचं नाव सांगा. टक्. फळीला काय म्हणतात? टक्. ‘ते कॉशिगी’ नाही, ‘भरतीची वेळ’.” मुलासमोर एकदाही तो शब्द निघता कामा नये, असा माझा हिशोब. आजी प्रत्येक टक् झाली की थांबायच्या, डोळे मिटायच्या, बरोबर शब्द काढायच्या. आठवड्याभरात त्यांचं जर्मन वेळापत्रकासारखं स्वच्छ झालं. एकदा त्या सहज म्हणाल्या, “नर्सिंगच्या शाळेत आमच्या मुख्य बाई कात्रीने टेबल वाजवायच्या. याच शब्दाला.” मी हसले आणि पुढची स्लाइड लावली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढची स्लाइड ग्वांगजू शहराची होती, त्यांच्या जिल्ह्याचं मोठं शहर. १९८० साली तिथे लष्कराने लोकांवर गोळ्या चालवल्या तेव्हा आजी म्युनिकच्या रुग्णालयात ड्यूटीवर होत्या. वॉर्डातल्या टीव्हीवर त्यांनी ते पाहिलं. एका रुग्णाने विचारलं, सिस्टर, हा तुमचाच देश ना? त्या रस्त्यावरच्या दुकानांची नावं त्यांना पाठ होती. देशात बातम्या दाबलेल्या, पत्रं उघडून वाचली जात असावीत अशी सगळ्यांना भीती. पुष्कळ दिवसांनी वडिलांचं पत्र आलं. त्यात पीकपाणी, बहिणीचं लग्न, आणि एकच ओळ: शहरात जरा कॉशिगी झालं, तू इतक्यात येऊ नकोस.

“तेवढ्याने मला सगळं कळलं,” आजी म्हणाल्या.

मी चमचा खाली ठेवला. तो पुन्हा उचलला नाही. पण उशीर झाला होता. आजी आता माझ्या चमच्याशिवायही थांबत होत्या, डोळे मिटत होत्या, शोधत होत्या.

संस्कृतीत शेवटी गाणं. त्यांच्याकडे एक बाई उभी राहून कथा गाते, शेजारी एक ढोलवाला. आणि ऐकणाऱ्यांनी गप्प बसायचं नसतं. गाणारीचा दम तुटतोय असं दिसलं की समोरून ओरडायचं, “ऑल्सू!” ते ओरडल्याशिवाय गाणं पुरं होत नाही. मी टिपणात लिहिलं: जर्मन श्रोते ओरडणार नाहीत, शेवटी टाळ्यांऐवजी टेबलं वाजवतील, वाट बघू नये. सासूबाईंनी विचारलं, “काय ओरडायचं म्हणालीस?” मी सांगितलं. त्यांनी दोनदा ओरडून बघितलं.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी सभागृह भरलं. चीजकेक, प्लमकेक, कॉफीच्या किटल्या, पांढरी डोकी. पहिल्या रांगेत मुलगा, हाताची घडी घालून. तिसऱ्या रांगेत सासूबाई, कांजीवरम आणि खाली स्पोर्ट्स शूज. मी कोपऱ्यात लॅपटॉपशी. आजी राखाडी कोट घालून उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. दिशा, नद्या, भात, बेटं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. विमानतळावरच्या घोषणेसारखं चाललं होतं. लोक आदराने केक खात होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण मन लागत नव्हतं. कारण या बाईंना मी ओळखतच नव्हते.

मग चिखलाचा फोटो आला. मागे निळसर डोंगर. हा एकच फोटो आजींनी हट्टाने घालायला लावला होता, त्यांच्या गावचा. “आमच्या दारातून हा डोंगर दिसायचा,” त्या म्हणाल्या. “या डोंगराचं नाव…”

आणि थांबल्या. डोळे मिटले. उघडले.

कपबशांचे आवाज बंद झाले. डोंगराचं नाव माझ्यासमोर टिपणात लिहिलेलं होतं, लाल अक्षरांत. सांगितलं तर अडल्याचं जगजाहीर, नाही सांगितलं तर त्या तिथेच उभ्या. मुलाने हाताची घडी सोडली आणि खुर्चीच्या कडेवर आला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. तो घाबरला होता. हे मी तेव्हा पाहिलं, आणि त्याच्यावरचा माझा राग तिथेच गेला.

“अहो ताई!” तिसऱ्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, मालवणच्या बंदरावरून होडीला पोचेल असा. “हे म्हणा, हे! कॉशिगी म्हणा, कॉशिगी! ऑल्सू!”

सगळ्या पांढऱ्या माना वळल्या. आजींनी सासूबाईंकडे बघितलं. मग त्या हसायला लागल्या. पोट धरून, माइकमध्ये.

“आमच्या दारातून,” त्या म्हणाल्या, “एक कॉशिगी दिसायचा.”

आणि मग त्यांनी लोकांना तो शब्द सांगितला. आमच्या मुलखात अर्धं बोलणं यातच होतं. समोरचा आपला असेल तर त्याला कळतं, नसेल तर त्याने यादी करत बसावं. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागच्या टेबलावरचे एक आजोबा उठून म्हणाले, “अहो, म्हणजे आमचं डिंग्स!” दुसऱ्या आजी म्हणाल्या, “डिंग्सबुम्स!” सासूबाईंना राहवेना, त्या ओरडल्या, “हे!” सभागृहात एकच कल्ला झाला. मग आजींनी माझ्या स्लाइड्स सोडून दिल्या. पाकट सांगितली, नाकाला हात लावून. वडिलांचं पत्र सांगितलं, त्या एका ओळीसकट. शेवटी गायल्या. आवाज फाटका, श्वास अपुरा, आणि दम तुटेल तिथे तिसऱ्या रांगेतून ऑल्सू. तिसऱ्या ऑल्सूला ट्रान्सिल्व्हेनियाचे आजोबाही सामील झाले. पाऊण तासाचा सव्वा तास झाला. माझं टिपण साफ खोटं ठरलं, म्हणजे टेबलं वाजलीच, पण ओरडून झाल्यावर.

घरी आल्यावर मी आजींच्या स्वयंपाकघरात केकच्या बश्या विसळत होते. मुलगा गाडीतून खुर्च्या काढत होता. आजी स्टुलावर बसून गमबूट चढवत होत्या, अंगणातल्या बरण्या बघायला जायचं असावं तसं. म्हणाल्या, “तो डोंगर. मी खरंच विसरले होते.”

मी नळ बंद केला.

“अजून आठवलं नाही. रोज सकाळी दार उघडलं की समोर तोच असायचा, आणि त्याचं नाव गेलं.” मग बोट उचलून म्हणाल्या, “तुला माहितेय. सांगू नकोस.”

मी नाही सांगितलं.

वर जाताना जिन्यात मुलाने मला थांबवलं. दोन्ही हातांत घडीच्या खुर्च्या होत्या, त्या त्याने खाली ठेवल्या. “तुम्ही नेमकं बोलणाऱ्या आहात,” तो म्हणाला, “म्हणून तुम्हालाच विचारतो. ती त्या डोंगरापाशी अडली, तेव्हा विसरली होती, की तो तिच्याकडचा शब्द होता? खरं सांगा.”

माझं उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द मी बोलले असते तर खाली बॅग भरली गेली असती, कारण आजी दिलेला शब्द मोडणाऱ्यांतल्या नाहीत. खोटं बोलले असते तर पुढच्या पातेल्याची जबाबदारी माझी. आणि माझं घर यात कुठे नव्हतंच असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. मी कठड्याला धरून उभी राहिले. आयुष्यभर लोकांना विचारत आले, म्हणजे नक्की काय, किती, कोण.

“आल्झो… म्हणजे,” मी म्हटलं, “ते जरा… कॉशिगी होतं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे त्याचे आजींसारखेच आहेत, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं.

“गेनाऊ,” तो म्हणाला. म्हणजे, अगदी नेमकं. खुर्च्या उचलल्या आणि खाली गेला.

डॅन्यूबच्या खोलीचं नाव त्याने अजून तरी पुन्हा काढलेलं नाही. आता तो दर शनिवारी येतो. शेगडीला आपोआप बंद होणारं बटण बसवून गेला. पाकट मात्र खात नाही. सासूबाई जुलैत परत गेल्या, बॅगेत बरणी न्यायची नाही असं मी म्हटलं म्हणून माझ्याशी भांडून. त्या गेल्यानंतरच्या शनिवारी त्याने आईच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर, जॉल्लाचा मोठा नकाशा लावला. बेटं, नद्या, शहरं, सगळ्यांची नावं छापलेली. फक्त किनाऱ्याजवळच्या एका डोंगराचं नाव त्याने पांढऱ्या पट्टीने झाकलंय, आणि पट्टीवर आपल्या सुबक इंजिनिअरी अक्षरांत लिहिलंय: कॉशिगी. माझ्या नियमाने तो नकाशा चुकीचा आहे. खाली गेले की मी त्याच्याकडे बघते आणि त्याला हात लावत नाही.